कासवाच्या साखरेचा रिपोर्ट वाचण्याआधी पाण्याचं तापमान बघा

ठाण्यात जरा गारठा पडला की आमच्या लॅबमध्ये फोन येऊ लागतात. "मॅडम, कासव चार दिवस काही खात नाहीये, शुगर लो झाली असेल का?" मी प्राण्यांच्या रक्ततपासणीचं काम करते आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: टबातलं पाणी किती अंश आहे?

घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमधल्या बाल्कनीत लाल कानाचं कासव प्लॅस्टिकच्या टबात असतं. जानेवारीच्या पहाटे ते पाणी 20 अंशांपर्यंत उतरू शकतं आणि पाण्याइतकंच कासवाचं अंगही गार होतं. मग पचन मंदावतं. इन्सुलिनचं कामही सावकाश चालतं, त्यामुळे वाढलेली साखर खाली यायला कधीकधी दिवसचे दिवस लागतात. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये साखर दर 100 मिली रक्तात साधारण 60 ते 100 मिलिग्रॅमच्या घरात असते असं धरतात, पण ऋतू, खाणं आणि भीती यांनी ती सहज इकडेतिकडे होते. कासवांत खरा मधुमेह फार क्वचित आढळतो. एका आकड्यावरून ते नाव घेऊ नका.

उत्तर अमेरिकेतलं रंगीत कासव बर्फाखालच्या तळ्यात, 3 अंशांच्या पाण्यात, प्राणवायूशिवाय तीन महिन्यांहून जास्त तग धरतं. यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, फुटून त्याच्या रक्तातली साखर कित्येक पट चढते, आणि साठणारं लॅक्टिक आम्ल कवचातल्या क्षारांनी सोसलं जातं. हे वाचून कुणी आपलं कासव फ्रिजमध्ये ठेवू नये, कळकळीने सांगते. आपल्याकडची थंडी अधलीमधली असते: कासव नीट निद्रेत जाईल इतकी कडक नाही आणि खाल्लेलं पचेल इतकी उबदारही नाही. पोटात अन्न तसंच राहिलं तर ते कुजतं.

म्हणून थर्मामीटर आणा आणि थर्मोस्टॅटचा हीटर लावून पाणी 25 ते 27 अंशांवर ठेवा. हीटर नसेल तर भर दुपारी, पाणी कोमट झाल्यावर थोडंसंच खाणं द्या. ग्लुकोज पावडर, साखरपाणी, केळं, आंबा यातलं काहीही "ताकद यावी" म्हणून देऊ नका. गार अंगाला ती साखर लवकर वापरता येत नाही.

तपासणी करायचीच झाली तर कासवाला हवेशीर डब्यात ओल्या टॉवेलवर, वरून झाकून न्या. धक्के आणि गोंगाटाने ते घाबरतं आणि साखर वाढते. रक्त हिरव्या टोपणाच्या, लिथियम हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये घ्यायला सांगा. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये कासवांच्या तांबड्या पेशी फुटतात. या पेशींना केंद्रक असतं. ट्यूबमध्येही त्या जिवंत राहून साखर खातच असतात. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेला नमुना आमच्याकडे येईपर्यंत खोटा कमी आकडा दाखवू शकतो. प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा रक्ताचा पातळ भाग, दवाखान्यातच लगेच वेगळा करून घेतला तर ही अडचण राहत नाही. माणसांच्या ग्लुकोमीटरवर तर अजिबात विसंबू नका. आणि 200 ग्रॅमच्या कासवातून एक मिलीपेक्षा जास्त रक्त काढायचं नसतं, तेव्हा उगाच दर आठवड्याला सुई नको.

फॉर्मवर तारीख, गेल्या आठवड्यातलं पाण्याचं तापमान, शेवटचं खाणं कधी झालं आणि नर की मादी, एवढं आवर्जून लिहा. मादी अंडी धरत असेल तर तिच्या रक्तातलं कॅल्शियम आणि चरबी वाढलेली असते. डॉक्टरांना हे माहीत हवं. तुलनेसाठी सगळ्यात उपयोगी पडतो तो त्याच कासवाचा ऑक्टोबर हीटमधला, चांगलं खातपीत असतानाचा रिपोर्ट. पुस्तकातल्या सरासरीपेक्षा मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवते.

पाणी 27 अंशांवर असूनही आठवडाभर खाल्लं नाही, नाकातून बुडबुडे आले, डोळे सुजले किंवा पोहताना एका बाजूला कलंडलं, तर ऋतूला दोष देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कंटाळून मासुंदा तलावात किंवा उपवनला सोडून तर मुळीच देऊ नका, तिथल्या देशी जिवांना ते भारी पडतं. बाकी वेळी, थंडीतला आकडा वेगळा आलाच तर पाणी दोन आठवडे उबदार ठेवून, मग एकदाच पुन्हा तपासा.