सचिव सभाच बोलावत नव्हते: आमच्या प्लॉटधारक सोसायटीत शेवटी काय कामी आलं

लक्षणं: ६४ प्लॉट, दोन वर्षं वार्षिक सभा नाही, बोअरवेलच्या खर्चाचा हिशेब मागितला की "बघू". कायद्याने ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी.

आधी व्हॉट्सअ‍ॅपवर भांडलो. मला ग्रुपमधून काढलं. मग आठ जणांनी देखभाल खर्च थांबवला, तर आम्हीच थकबाकीदार ठरलो. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

शेवटी उपविधीची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची, पुस्तिका उघडली. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सभा घ्यावीच लागते.

आधी थकबाकी भरून पावत्या घेतल्या. मग मागणीपत्रात दोनच विषय लिहिले: हिशेब आणि बोअरवेलचा खर्च. सह्या १३ लागत होत्या, आम्ही १६ घेतल्या. बरं झालं, कारण एका घरी मुलाने सही केली होती आणि सभासद होते वडील; ती बाद झाली. सहीसमोर प्लॉट क्रमांक घालाच.

पत्र द्यायला गेलो तर सचिव म्हणाले, "आवक रजिस्टर संपलंय." तिथूनच पोस्टात जाऊन रजिस्टर्ड एडीने पाठवलं. गुलाबी पोचपावती आली, तिच्यावर त्यांचीच सही!

महिना उलटला. मागणीपत्र आणि पोचपावतीच्या प्रती जोडून महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७६ खाली उपनिबंधकांकडे (सहकार खात्याचे अधिकारी) अर्ज दिला, कारण समितीने टाळलं तर निबंधक सभा बोलावू शकतात. अर्जाची प्रत सचिवांना पोचली आणि चौथ्या दिवशी सभेची नोटीस फाटकावर चिकटली.