निंबोळीचे तेल त्वचेला लावण्यापूर्वी

खानदेशात निंबोळीचे तेल सहसा दोन ठिकाणी मिळते, आणि ते अंगाला लावायचे असेल तर पहिली सावधगिरी विकत घेतानाच बाळगावी लागते. कृषी सेवा केंद्रातील बाटली कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी असते. तिच्यावर १,५०० किंवा १०,००० पीपीएम असे अझाडिरॅक्टिनचे, म्हणजे निंबोळीतील कीडनाशक घटकाचे, प्रमाण छापलेले असते आणि तेल पाण्यात मिसळावे म्हणून त्यात इतर रसायनेही घातलेली असतात. ते त्वचेला कधीही लावू नये. त्वचेसाठी घाण्यावर काढलेले, काहीही न मिसळलेले तेलच घ्यावे. त्याला लसणासारखा उग्र वास येतो, तो त्यातील गंधकयुक्त घटकांचा असतो. धुळे-जळगावच्या थंडीत हे तेल गोठते. ती भेसळ नव्हे, बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते पुन्हा पातळ होते.

निंबोळीचे तेल नुसते लावू नये. एक चमचा तेल वीस चमचे तिळाच्या तेलात मिसळावे, त्यातील थोडे कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी आणि खाज किंवा लाली आली तर बेत तिथेच सोडावा. त्रास झाला नाही, तर रात्री पाय धुऊन किंचित ओलसर असलेल्या टाचांना हे मिश्रण चोळून मोजे घालावेत. यातील ओलेइक व स्टिअरिक आम्लांमुळे त्वचेवर थर बसतो आणि ओलावा उडून जाणे मंदावते. कोरड्या टाचांना मिळणारा खरा लाभ हाच. कोरड्या टाळूसाठी डोके धुण्याच्या तासभर आधी लावणे पुरते.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. निंबोळीतील घटक प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखतात हे खरे असले, तरी तेलकट, मुरुमे येणाऱ्या त्वचेवर आणखी तेल थापल्याने मुरुमे वाढू शकतात. रक्त येणाऱ्या भेगा, उघड्या जखमा आणि डोळ्यांभोवतीचा भागही टाळावा. नायटा किंवा खरूज असेल तर घरगुती प्रयोगांत आठवडे न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे तेल वापरू नये.

सर्वांत गंभीर धोका लहान मुलांना आहे. जंतांवर उपाय म्हणून हे तेल पाजल्यावर तान्ह्या मुलांना उलट्या, झटके आणि मेंदूला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. चुकून तेल पोटात गेलेच, तर उलटी करवण्याच्या खटाटोपात न पडता बाटलीसह थेट रुग्णालय गाठावे.