एस्थेटिक सर्जरी शिकायला परदेशात जायचंय? मग हे आधी वाचून घ्या

प्लास्टिक सर्जरीचं सुपरस्पेशालिटी शिक्षण, म्हणजे एमसीएच किंवा डीआरएनबी, संपत आलं की जवळजवळ प्रत्येक रेसिडेंटच्या डोक्यात तोच विषय घोळायला लागतो, बाहेर कुठेतरी जाऊन एस्थेटिकचं, म्हणजे दिसणं सुधारण्यासाठीच्या सर्जरीचं, काम नीट बघून यायचं. साहजिकच आहे ते. केईएम, सायन, नायर, जेजे, नागपूरचं मेडिकल, कुठेही घ्या, प्लास्टिकच्या वॉर्डात भाजलेले, ॲक्सिडेंटचे, मशीनमध्ये हात गेलेले, टाळू फाटलेली लेकरं, कॅन्सरनंतर फ्लॅप (एका जागचा कातडी-मांसाचा तुकडा दुसरीकडे बसवणं) लागणारे हेच पेशंट असतात आणि त्यात हात असा तयार होतो की बस, पण फेसलिफ्ट (चेहऱ्याची सैल कातडी ताणून बसवणं) किंवा ब्रेस्ट ऑगमेंटेशन (स्तन मोठे करणं) तीन वर्षांत बघायला किती मिळतं? सरकारी हॉस्पिटलात त्यासाठी फारसं कोणी येत नाही आणि प्रायव्हेटमध्ये स्वतःच्या खिशातून पैसे भरून आलेल्या पेशंटवर शिकणाऱ्याला कोणी हात लावू देत नाही. जगभर हीच अडचण आहे, म्हणून तर हा विषय देशोदेशींच्या सर्जननी एकमेकांकडे जाऊन शिकायची पद्धत पडली.

सगळ्यात आधी ऑब्झर्व्हरशिप आणि क्लिनिकल फेलोशिप यातला फरक डोक्यात पक्का करा, कारण इथेच बरेच जण फसतात आणि पैसे घालवून बसतात. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे फक्त बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही, वॉश अप होऊन (हात निर्जंतुक धुऊन) टेबलाला उभं राहायला मिळेल की नाही तेही त्या त्या देशाच्या आणि हॉस्पिटलच्या नियमांवर. क्लिनिकल फेलोशिपमध्ये तुम्ही काम करता, पण त्याला तिथलं रजिस्ट्रेशन लागतं. इंग्लंडला जनरल मेडिकल काउन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही, तिथे मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह नावाची सोय आहे ज्यात बाहेरच्या डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं काम करून शिकता येतं. अमेरिकेत काम करायचं तर बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना लागणारं ईसीएफएमजी सर्टिफिकेट आणि ज्या राज्यात जाणार तिथली परवानगी, म्हणजे यूएसएमएलई या तिथल्या लायसन्सच्या परीक्षा आल्या. त्यामुळे कोणी 'हँड्स-ऑन' असं जाहिरातीत लिहिलं असेल तर सरळ विचारा की हँड्स-ऑन पेशंटवर का कॅडॅव्हरवर (मृतदेहावर), आणि पेशंटवर असेल तर माझ्या लायसन्सचं काय. उत्तर गोलमोल आलं तर तिथे जाऊ नका. शनिवार-रविवारी सर्टिफिकेट वाटणाऱ्या कोर्सेसबद्दल तर मी स्पष्टच सांगतो, ते भिंतीवर लावायला चांगले असतात, उद्या कॉम्प्लिकेशन झालं की त्यातलं काहीही कामाला येत नाही.

दुसरं म्हणजे देश आधी ठरवू नका, विषय आधी ठरवा. 'मला कोरियाला जायचंय' यापेक्षा 'मला नाक शिकायचंय' हे पुष्कळ उपयोगाचं आहे. नाकासाठी आज इस्तंबूलला जगभरातून सर्जन जातात. नाकावरचा उंचवटा वरून तासून काढायची जुनी पद्धत सोडून तिथे नाकाची पाठ अखंड ठेवतात, खालून सेप्टमची (नाकाच्या मधल्या पडद्याची) पट्टी काढतात आणि अख्खं नाक खाली बसवतात, प्रिझर्व्हेशन राइनोप्लास्टी म्हणतात ती हीच, कल्पना शंभर वर्षांहून जुनी पण गेल्या काही वर्षांत परत उचलली गेली. पापण्या आणि जबड्याची हाडं शिकायची तर सोल. मायक्रोसर्जरी (मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडणं) आणि क्रेनिओफेशियलसाठी (कवटी-चेहऱ्याच्या हाडांच्या कामासाठी) तैवानचं चांग गंग हॉस्पिटल, तिथे परदेशी फेलो घ्यायची व्यवस्था इतकी वर्षं चालू आहे की नवख्या माणसालाही ओळख करून घ्यायला वेळ लागत नाही. आणि कॉन्टूरिंग (शरीराला आकार देणं), टमी टक (सुटलेल्या पोटाचं ऑपरेशन) वगैरे म्हटलं की ब्राझील.

ब्राझीलबद्दल थोडं जास्त लिहितो कारण त्यात शिकवण्याची खरी पद्धत दिसते. रिओमध्ये इव्हो पितांगी या प्लास्टिक सर्जननी सांता कासा या धर्मादाय हॉस्पिटलात वॉर्ड चालवला, ज्यांच्याकडे पैसे नाहीत अशांनाही तिथे एस्थेटिक सर्जरी मिळायची, ऑपरेशन शिकणारे सर्जन करायचे आणि सिनियर शेजारी उभे असायचे. त्यातून पाचशेहून जास्त सर्जन तयार झाले, कितीतरी देशांतले. १९६१ मध्ये नितेरोईला सर्कसच्या तंबूला आग लागली तेव्हा भाजलेल्या लोकांवर काम करायला हेच पितांगी उभे होते, म्हणजे बर्न्स आणि ब्यूटी अशी भिंत त्या माणसाने कधी घातलीच नाही. अमेरिकेतही बऱ्याच ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये रेसिडेंट क्लिनिक असतं, पेशंटला आधीच माहीत असतं की ऑपरेशन शिकणारा सर्जन सिनियरच्या देखरेखीखाली करणार आहे आणि म्हणून फी कमी. कुठेही अर्ज करण्याआधी तिथे असं काही आहे का हे शोधा, असेल तर नुसतं बघायला मिळालं तरी तिथे जास्त शिकाल, कारण तिथे सिनियर तोंडाने बोलत असतो, हे का करू नको, इथे का थांब, हे सगळं ऐकायला मिळतं. मोठ्या सर्जनच्या प्रायव्हेट ओटीत तो गप्पच काम करतो, हात भराभर चालतात आणि आपण मागे स्टुलावर उभे.

आता दार कसं ठोठवायचं. पहिलं दार इंटरनॅशनल सोसायटी ऑफ एस्थेटिक प्लास्टिक सर्जरी, म्हणजे आयसॅप्स. १९७० मध्ये स्थापन झाली, आज बहुतेक देशांतले सर्जन तिचे मेंबर आहेत, त्यांचं एस्थेटिक प्लास्टिक सर्जरी हे जर्नल आहे, फेलोशिप आहेत, दरवर्षी जगभरातल्या ऑपरेशनची आकडेवारी पण काढतात. रेसिडेंटसाठी वेगळी मेंबरशिप असते ती ट्रेनिंग चालू असतानाच घेऊन टाका, नंतर कन्सल्टंट झालात की अटी वाढतात. त्याआधी आपल्या इथली असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया आणि इंडियन असोसिएशन ऑफ एस्थेटिक प्लास्टिक सर्जन्स, या दोन्हीकडे पण नाव नोंदवा, त्यांच्या मीटिंगला बाहेरची फॅकल्टी येते आणि जेवणाच्या रांगेत उभं राहून केलेली पाच मिनिटांची ओळख ही ओळख नसताना पाठवलेल्या ईमेलच्या दसपट चालते, हे अगदी खरं आहे.

ईमेल कराच, पण छोटी करा. मी कोण, कुठे शिकतोय, कोणत्या महिन्यात किती आठवडे येऊ शकतो, आणि नेमकं काय बघायचंय. शेवटच्या मुद्द्यावर सगळं अवलंबून आहे. 'आय वॉन्ट टू लर्न एस्थेटिक सर्जरी' लिहिलंत तर उत्तर येणार नाही. त्या सर्जनचा एखादा पेपर वाचून त्यातला खरा प्रश्न विचारा, उदाहरणार्थ जाड कातडीच्या नाकात तुम्ही ही पद्धत वापरता का, का तिथे वेगळं करता, असं विचारणाऱ्याला उत्तर द्यावंसं वाटतं. सोबत एक पानाचा सीव्ही, एचओडींचं (विभागप्रमुखांचं) पत्र, लॉगबुकचा (ऑपरेशनच्या नोंदवहीचा) गोषवारा. लॉगबुकात खरे आकडे टाका, असिस्ट केलेलं वेगळं, स्वतः केलेलं वेगळं. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा आणि मग पुढच्या नावाकडे वळा, मागे लागू नका. व्हिसाला निमंत्रण पत्र लागतंच आणि त्यावर 'ऑब्झर्व्हर' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर कॉन्सुलेटमध्ये डोकेदुखी कमी होते. राहण्याचा खर्च आधी काढा, फी नसलेली ऑब्झर्व्हरशिपसुद्धा इस्तंबूल किंवा सोलमध्ये महिनाभर राहिलं की स्वस्त पडत नाही. आणि तिथे जायच्या आधी हेपेटायटिस बीची टायटर रिपोर्ट (रक्तात त्याविरुद्ध किती प्रतिकारशक्ती आहे ते सांगणारी) काढून ठेवा, बरीच हॉस्पिटल्स मागतात आणि ऐनवेळी धावपळ होते.

तिथे पोचल्यावर काय करायचं, हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सगळे ओटीत घुसतात. ओटी बघाच, पण फॉलोअप ओपीडी सोडू नका, कितीही कंटाळवाणी वाटली तरी. ऑपरेशनचे व्हिडिओ आज घरी बसून बघता येतात, पण सहा महिन्यांनी परत आलेलं नाक, एका बाजूला किंचित वाकलेलं, आणि त्या पेशंटसमोर बसून तो सर्जन काय बोलतो, आरसा हातात देतो का, जुने फोटो काढून दाखवतो का, 'अजून थांबू' म्हणतो का 'रिव्हिजन (दुरुस्तीचं ऑपरेशन) करू' म्हणतो आणि तसं म्हणताना पैशाचं काय सांगतो, हे कुठल्याच व्हिडिओत नसतं. तसंच पहिल्या कन्सल्टेशनला बसायची परवानगी मागा. चांगला सर्जन ऑपरेशनला नाही कुणाला म्हणतो ते बघा. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असलेला, म्हणजे नसलेल्या किंवा किरकोळ व्यंगाने मनातून पछाडलेला, पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या ओळखू येत नाही, तो ओळखायला शिकणं म्हणजे पन्नास राइनोप्लास्टी बघण्याइतकंच मोठं शिक्षण आहे. संध्याकाळी रूमवर जाऊन त्या दिवशीची केस वहीत स्केच काढून लिहा, चीर कुठे, लोकल इन्फिल्ट्रेशन (बधिर करायचं इंजेक्शन) किती आणि किती वेळ थांबले, टाका कोणता, ड्रेसिंग कसं, स्प्लिंट कधी काढला. फोटो काढायचा मोह टाळा, परवानगीशिवाय तर अजिबातच नाही, पेशंट त्यांचा आहे आणि तुमच्या मोबाईलमध्ये त्याचा चेहरा असण्याचं काहीच कारण नाही. ॲनेस्थेटिस्ट आणि सिस्टरशी दोस्ती करा, फेसलिफ्टमध्ये बीपी कसं सांभाळतात, शेवटी पेशंट उठताना खोकला येऊ नये म्हणून काय करतात, हिमॅटोमा (कातडीखाली रक्त साठणं) टाळायची अर्धी विद्या त्यांच्याकडे असते.

परत आलात की लगेच जसंच्या तसं करायला जाऊ नका. गोऱ्या पातळ कातडीवर बघितलेलं आपल्या पेशंटच्या कातडीवर तसंच्या तसं वागत नाही. आपल्याकडे व्रण काळा पडतो, हायपरट्रॉफिक (जाड, वर उठलेला) होतो, छातीवर आणि कानामागे केलॉइडची (व्रण जखमेबाहेर वाढत जाण्याची) भीती असते, लेझर आणि पील (रसायनाने कातडीचा वरचा थर काढणं) यांची पॉवर कमी ठेवावी लागते, जाड कातडीच्या नाकात टोकाला आधार जास्त द्यावा लागतो नाहीतर आतलं सगळं नाजूक काम बाहेर दिसतच नाही. शिकून आलेलं आपल्या पेशंटला बसवणं हीच खरी कला. आपले प्लास्टिक सर्जन डॉ. एन. एच. अँटिया इंग्लंडला सर हॅरल्ड गिलीज या नावाजलेल्या प्लास्टिक सर्जनकडे शिकले आणि इथे परत येऊन ती विद्या त्यांनी कुष्ठरोगाने बसलेल्या नाकांसाठी वापरली, पुढे जेजेला विभाग उभा केला, आणि कानासाठी आपण जो अँटिया-बुख फ्लॅप शिकतो तो तिथूनच जगात गेला. सुरुवातीच्या केसेस सिनियरला सोबत घेऊन करा आणि ज्यांच्याकडे शिकलात त्यांना रिझल्ट पाठवत राहा, वाईट आला तरी.

कोलॅबोरेशन म्हणजे फक्त शिकायला जाणं असं समजू नका, डेटा एकत्र करणं हा त्याचा दुसरा आणि मला वाटतं जास्त गरजेचा भाग आहे. नितंबांमध्ये फॅट भरण्याचं ऑपरेशन घ्या. पेशंट टेबलवर किंवा काही तासांत दगावत होते, पण एकेका सर्जनला आयुष्यात एखादी केस दिसणार, त्यातून कारण कळणार कसं? वेगवेगळ्या देशांच्या सोसायट्यांनी मिळून टास्क फोर्स केला, २०१८ मध्ये इशारा काढला की मृत्यूचं प्रमाण तीन हजारांत एक इतकं असू शकतं, कारण स्नायूत कॅन्युला (फॅट भरायची नळी) गेली की मोठ्या शिरा फाटतात आणि फॅट सरळ फुफ्फुसात जातं, म्हणून फक्त कातडीखालीच भरा, स्नायूत नको. तेच टेक्स्चर्ड (खरखरीत पृष्ठभागाच्या) ब्रेस्ट इम्प्लांटशी जोडलेल्या लिम्फोमा या कॅन्सरचं, अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये शक्यता बोलून दाखवली आणि देशोदेशींच्या नोंदी जमत गेल्या तेव्हा २०१९ मध्ये त्यातले काही इम्प्लांट जगभरातून परत बोलावले गेले. म्हणून, उद्या पेशंटला शोधून कळवावं लागलं तर, इम्प्लांटचा स्टिकर केस पेपरवर चिकटवा, पेशंटला कार्ड द्या, मोबाईल नंबर बदलला तर कळवायला सांगा.

बाहेरच्या टीमबरोबर स्टडी करणार असाल तर आपल्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, आणि परदेशी सहभाग असलेल्या संशोधनाला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत चालणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीचा विषय येतो तोही सुरुवातीलाच बघा. पेशंटची संमती मराठीत, त्याला कळेल अशी, आणि फोटो परदेशात जाणार हे त्यात लिहिलेलं पाहिजे. पेपरवर कोणाचं नाव कुठे हे पहिल्याच कॉलवर ठरवून लेखी घ्या. हे का सांगतोय तर ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आलेलं पत्र आठवा, टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं, इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं, ते वाचून लंडनचे सर्जन कारप्यू यांनी मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये लंडनला ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये पुस्तक छापलं. कारप्यूंचं नाव आपण परीक्षेत लिहितो. पुण्याजवळच्या त्या सर्जनचं नाव त्या पत्रात कुणी लिहिलंच नाही.

आणि सगळ्यांना बाहेर जाणं परवडत नाही, तेव्हा गुरूला इकडे आणा. आयसॅप्सची व्हिजिटिंग प्रोफेसर योजना यासाठीच आहे, पाहुणा दोन-तीन दिवस येतो, लेक्चर देतो, केस चर्चा करतो, आणि एका माणसाच्या खर्चात अख्ख्या विभागाचे रेसिडेंट शिकतात. त्याने नुसतं बोलायचं असेल तर सोपं आहे, पण ऑपरेशन करून दाखवायचं असेल तर नॅशनल मेडिकल कमिशनची तात्पुरती परवानगी लागते, तिला वेळ लागतो, चार-सहा महिने आधी फाईल हलवा. पेशंट महिनाभर आधी निवडून त्याचे फोटो आणि रिपोर्ट पाहुण्याला पाठवा, आणि पेशंटला स्पष्ट सांगा की चाकू कोणाच्या हातात असणार आणि बघायला किती जण असणार. अवघड, दोनदा बिघडलेली केस हौसेने टेबलवर घेऊ नका. पाहुणा विमानात बसल्यावर त्या पेशंटचा ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर नेणारी नळी) काढणारे, रात्री अकराला त्याच्या नातेवाईकांचा फोन घेणारे तुम्हीच आहात, म्हणून केस घ्यायची की नाही यात शेवटचा शब्द तुमचा ठेवा, तो कितीही मोठं नाव असला तरी.