सिनेमा चालतो, पण पोस्टर सेव्ह होत नाही: नेटवर्क शेअरवरची लिहिण्याची परवानगी कशी तपासावी

जेलीफिन, प्लेक्स किंवा एम्बी हा मीडिया सर्व्हर (घरातले सिनेमे दाखवणारा प्रोग्रॅम) बसवला, नॅसवरचं (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीवरचं) शेअर केलेलं फोल्डर जोडलं, सिनेमे दिसले, चाललेही. मग एक दिवस सबटायटल उतरवायला जावं, किंवा पोस्टर सिनेमाच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा पर्याय चालू करावा, तर लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’. तुम्ही त्याच फोल्डरमध्ये हाताने एक फाइल बनवून बघता. ती मुकाट्याने बनते. मग सर्व्हरलाच काय धाड भरली?

ती फाइल तुम्ही बनवलीत, सर्व्हरने नाही. तो तुमच्या नावाने चालतच नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत; टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.)

पायरी १ : लिहिणारा कोण?

लिनक्सवर पॅकेजमधून बसवलेलं जेलीफिन ‘जेलीफिन’ नावाच्या यूजरखाली चालतं, प्लेक्स ‘प्लेक्स’खाली. खात्री हवी तर ‘टॉप’ चालवून यूजरचा रकाना बघा. मग ‘आयडी’ पुढे ते नाव लिहा. त्याचा यूआयडी (यूजरचा क्रमांक), जीआयडी (ग्रुपचा क्रमांक) आणि ग्रुप कळतात. हे क्रमांक टिपून ठेवा. सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालत असेल तर नाव नाही, क्रमांकच बघायचा. ‘लिनक्ससर्व्हर’ या गटाने बनवलेल्या डॉकर इमेजमध्ये तो पीयूआयडी आणि पीजीआयडी या दोन व्हेरिएबलमधून ठरतो.

पायरी २ : त्याच्याच नावाने लिहून बघा

‘टच’ रिकामी फाइल बनवतं. लिहा ‘सुडो -यू जेलीफिन टच’ आणि पुढे शेअरमधल्या एखाद्या चाचणी फाइलचा पूर्ण पाथ. उत्तर तीनपैकी एक येतं.

फाइल बनली, तर शेअर ठीक आहे. सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा, कारण यूजरला नव्या ग्रुपमध्ये घातलं तरी आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला ते कळत नाही. डॉकर असेल तर कंटेनरच्या आतला पाथ तपासा.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ आलं, तर परवानग्यांशी झटापट करू नका. माउंटच, म्हणजे शेअर सर्व्हरच्या मशीनला जोडणंच, फक्त वाचण्यापुरतं झालं आहे. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘आरओ’, म्हणजे रीड-ओन्ली, राहिलं असेल, किंवा डॉकरच्या व्हॉल्यूमच्या शेवटी.

‘परमिशन डिनाइड’ आलं, तर पुढे चला.

पायरी ३ : एसएमबी शेअर, म्हणजे खरी गोम

एसएमबी म्हणजे विंडोजच्या पद्धतीचं फाइल शेअरिंग. मी एकदा अख्खी संध्याकाळ अशा माउंट केलेल्या फोल्डरवर परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ आज्ञा मारण्यात घालवली. आज्ञा दर वेळी निमूट पूर्ण व्हायची, एरर नाही की काही नाही, आणि ‘एलएस -एल’मध्ये परवानग्या होत्या तशाच. हा बिघाड नव्हे. मूळ एसएमबी प्रोटोकॉलमध्ये लिनक्सच्या मालकीची आणि मोडची माहितीच जात नाही. त्यामुळे सीएचमॉड आणि मालक बदलणारं सीएचओन ‘झालं’ म्हणतात आणि काहीच करत नाहीत. फोल्डरचा मालक कोण दिसणार, ते माउंट करतानाच ठरतं.

तुम्ही काही सांगितलं नाही, तर मालक सहसा रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी यूजर) आणि मोड, म्हणजे परवानग्यांचे आकडे, ०७५५. म्हणजे रूटने लिहावं, बाकीच्यांनी वाचावं. सिनेमा का चालतो आणि पोस्टर का अडतं, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

उपाय एफएसटॅबमधल्या त्या ओळीत. ‘यूआयडी=’ आणि ‘जीआयडी=’ला मघाशी टिपलेले क्रमांक द्या, ‘फाइल_मोड=’ला ०६६४ आणि ‘डिर_मोड=’ला ०७७५. मग सर्व्हर थांबवा, शेअर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. नुसतं रीमाउंट केल्यावर जुनेच क्रमांक राहू शकतात.

एवढ्याने फक्त अलीकडचं दार उघडतं. पलीकडे नॅस बघतो ते माउंट करताना दिलेलं खातं. त्या खात्याला तिथे लिहिता येत नसेल, तर इथे मोड ०७७७ ठेवूनही उपयोग शून्य. शेअर साम्बावर (लिनक्सवरून एसएमबी शेअर देणाऱ्या प्रोग्रॅमवर) असेल तर तिथली ‘रीड ओन्ली’ ही सेटिंग मुळातच ‘येस’ असते, हे लक्षात असू द्या.

पायरी ४ : एनएफएस असेल तर

एनएफएस ही लिनक्स-युनिक्सकडची शेअर करायची पद्धत. इथे नावांना किंमत नाही, क्रमांकांना आहे. सर्व्हरवर जेलीफिनचा यूआयडी ९९७ आणि नॅसवर फोल्डरचा मालक १०००, तर नॅसच्या लेखी हा कोणी परका. क्रमांक जुळवा, किंवा दोन्हीकडे एकाच जीआयडीचा ग्रुप करून फोल्डरला २७७५ द्या. पहिल्या २ मुळे आत बनणारं सगळं त्याच ग्रुपचं राहतं. यूजरला ग्रुपमध्ये घालताना ‘यूजरमॉड -एजी’ लिहा (‘ए’ स्मॉल, ‘जी’ कॅपिटल). त्यातला ‘ए’ विसरलात तर तो बाकीच्या ग्रुपमधून बाहेर फेकला जातो. आणि रूटने लिहिता येत नाही म्हणून घाबरू नका. एनएफएसची ‘रूट स्क्वॉश’ ही सेटिंग रूटला मुद्दाम अनोळखी यूजर बनवतो.

पायरी ५ : विंडोज

शेअरला दिलेला झेड ड्राइव्ह तुम्हाला दिसतो, पण सर्व्हिस म्हणून मागे चालणाऱ्या मीडिया सर्व्हरला नाही, कारण ड्राइव्हचं मॅपिंग लॉगिनपुरतं असतं. लायब्ररीत ड्राइव्हचं अक्षर न देता दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्या. सर्व्हिसेसमध्ये ‘लॉग ऑन’ टॅबवर जाऊन, शेअरवर लिहायची परवानगी असलेलं खातं सर्व्हिसला द्या. शेअरही विंडोजवरच असेल तर परवानग्या दोन जागी असतात, ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’. दोन्हींत जी जास्त कडक, ती लागू होते.

शेवटी मशीन रीबूट करून बघा

हे टाळू नका. नॅस उशिरा जागा झाला तर माउंट होत नाही आणि त्या जागी रिकामं लोकल फोल्डर उरतं. मग सिनेमे गायब दिसू शकतात, आणि नवं रेकॉर्डिंग गुपचूप सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर साठत जातं. माउंटची यादी दाखवणाऱ्या ‘फाइंडएमएनटी’मध्ये शेअरची ओळ दिसली, की तीच टच चाचणी पुन्हा करा आणि चाचणी फाइल पुसून टाका.