कायम जगावंसं वाटतं? ती इच्छा स्वार्थी आहे का, हे असं तपासा

कायम जगावंसं वाटणं मुळात स्वार्थी नाही. स्वतःसाठी औषध घेणाऱ्याला आपण स्वार्थी म्हणत नाही. स्वार्थ शिरतो तो इच्छेच्या अटींमध्ये, म्हणून अटी लिहून काढा: किती काळ, कोणत्या अवस्थेत, कोणाबरोबर आणि कोणाच्या जिवावर. नुसतं ‘मला मरायचं नाही’ लिहिलंत तर तपासायला हाती काही लागणार नाही.

आधी मागणी नेमकी कोणती ते ठरवा. म्हातारपण थांबणं, मरताच न येणं आणि जन्ममरणातून सुटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उपनिषदातली मैत्रेयी धन नाकारून पती याज्ञवल्क्यांकडे अमृतत्व मागते ते तिसरं. त्याला खालची गणितं लागू नाहीत. पहिल्या प्रकारात अपघात आणि साथी उरतातच. वर्षाला मृत्यूचा धोका हजारात एक धरला, तर सुमारे ६९३ वर्षांत निम्मी माणसं गेलेली असतील आणि हजार वर्षं गाठतील ती शंभरात ३७. मरण फक्त लांबलं. दुसऱ्या प्रकारात थांबायची मुभा आहे का, हे लिहाच. ग्रीक पुराणातल्या टिथोनसला अमरत्व मिळालं, पण तारुण्य मागायचं राहून गेलं. तो जराजर्जर होत गेला आणि सुटकाही नाही.

आता खरी कसोटी. वाक्यातलं ‘मला’ खोडून ‘सगळ्यांना’ लिहा आणि हिशोब मांडा. शंभर माणसं आहेत, कोणीच मरत नाही. प्रत्येक जोडप्याला दोन मुलं झाली तर दर पिढीला शंभरांची भर पडते, मूळ शंभर ही पहिली पिढी धरून दहाव्या पिढीला हजार होतात आणि वाढ थांबत नाही. एकच मूल झालं तर भर पन्नास, पंचवीस अशी निम्मी होत जाते. एकूण आकडा दोनशेच्या वर कधीच जात नाही. म्हणजे माणसं मावू शकतात, पण मुलं कमी होण्याच्या अटीवर. ती अट तुम्ही स्वतःला लावणार, की फक्त इतरांना?

इथे बरेच जण चुकतात. न जन्मलेल्यांवर अन्याय झाला म्हणून ते इच्छा मोडीत काढतात. पण जो कधी नव्हताच त्याचं काय हिरावलं, हे सांगणं फार अवघड. खरं नुकसान जन्मलेल्या तरुणांचं होतं: जुना माणूस पद, जमीन आणि निर्णयाचा अधिकार सोडत नाही. म्हणून कागदावर मुदत घाला. पन्नास वर्षांनी मी कोणतं पद, किती मालमत्ता आणि कुठला अधिकार सोडेन, ते नावनिशीवार लिहा. ही ओळ लिहवत नसेल, तर स्वार्थ नेमका तिथे आहे.

कंटाळ्याचं पाहणं सोपं आहे. अनंत आयुष्य शेवटी निरस होईल, असं तत्त्वज्ञ बर्नर्ड विल्यम्स यांनी १९७३ साली मांडलं. तुमच्या इच्छांची यादी करा. घर बांधणं, शिखर चढणं या एकदा पुऱ्या झाल्या की संपतात. गाणं, मैत्री, शिकणं पुन्हा पुन्हा हवंसं वाटतं. यादीत फक्त पहिल्याच असतील, तर तुमच्यापुरतं विल्यम्स यांचं म्हणणं बरोबर आहे.

घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा स्वतःचं आजारपण कळलं असेल, तर हा कागद लगेच मानू नका. अशा वेळी लिहितं ते दुःख. सहा महिन्यांनी जुना कागद न पाहता नवा लिहा. दोन्हींत फरक पडला, तर दुसरा धरा.