गिटारवरून बेसवर जाताना पैसे कुठे घालायचे

बँडमधला बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला की सगळ्यांच्या नजरा ऱ्हिदम गिटारवाल्याकडे वळतात. "तुझ्या सहा तारा, त्याच्या चारच, त्यात काय एवढं?" असं म्हणणारा एक तरी असतोच, आणि तो बहुतेक गायक असतो. मी अजून या बदलाच्या मधेच आहे. बोटं बसलीत, टायमिंग कधी बसतं कधी पळतं. तरी सामानाच्या बाबतीत जे भोगून झालंय ते आत्ताच लिहितो, कारण आमच्या जळगाव-धुळे पट्ट्यात बेस गिटारबद्दल विचारायला माणूस मिळत नाही. बहुतेक ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतो, खालचा ठोका ऑक्टोपॅडवर निघतो आणि काम भागतं.

कॉर्ड, स्केल, ट्युनिंग यातलं काही समजावणार नाही. तुम्हाला गिटार येते आणि खिशात पंचवीस हजारांच्या आसपास आहेत, असं धरून चालतो.

पहिल्यांदा बेसचंच बोलू, कारण ते सोपं आहे. यामाहाचा टीआरबीएक्स १७४, आयबानेझच्या जीएसआर मालिकेतला कुठलाही, कॉर्टचा अ‍ॅक्शन, स्क्वायरचा अ‍ॅफिनिटी. यातला जो चांगल्या हालतीत मिळेल तो घ्या. लग्नाच्या स्टेजवर यांच्यातला फरक तुमच्या आईलासुद्धा कळणार नाही. पण कोरा घेतला तर बहुतेक पैसे तिथेच संपतात, आणि पुढे सांगतो त्या कामाला काही उरत नाही. म्हणून सेकंडहँड घ्या आणि निम्म्या पैशांत बसवा.

पाच तारांचा घेऊ का, असं प्रत्येक जण विचारतो. नका घेऊ. त्याची खालची 'बी' तार ३१ हर्ट्झच्या आसपास वाजते, आपल्याकडच्या कितीतरी सब-वूफरमधून ती सुरासारखी येतच नाही, नुसती घरघर येते. शिवाय गिटारवाल्याचा उजवा हात आधीच तारा दाबून ठेवायला शिकलेला नसतो. त्यात आणखी एक मोकळी तार कशाला वाढवायची? अहिराणी गाणी, भीमगीतं, हिंदी जुनी-नवी, सगळं चार तारांत होतं.

फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस काढला आणि १९६० मध्ये जॅझ बेस. आजचे स्वस्त बेस बहुतांशी या दोघांच्याच वळणाचे असतात. गिटारवरून येणाऱ्याने जॅझच्या वळणाची मान बघावी, नटपाशी ती साधारण ३८ मिलिमीटर असते, हाताला परकी वाटत नाही. लांबीची मात्र सुटका नाही. गिटारची तार साडेपंचवीस इंच, बेसची चौतीस. खालच्या फ्रेटवर एका बोटाला एक फ्रेट हा गिटारचा हिशेब लावलात तर आठवड्यात मनगट धराल. पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढ्यावर तीन फ्रेट भागवा, अनामिका करंगळीच्या मदतीला ठेवा. हे कुणी आधी सांगत नाही, दुखायला लागल्यावर सांगतात.

आता खरा सापळा.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात मला बेससाठी म्हणून पंधरा वॅटचा, आठ इंची स्पीकरचा अँप मिळाला. "घरी पण चालेल, छोट्या कार्यक्रमाला पण चालेल," असं सांगून दिला. खोलीत तो खरंच छान वाजायचा. पारोळ्याकडच्या एका लॉन्सवर लावला तेव्हा दुसऱ्या गाण्यानंतर नवऱ्या मुलाचा मामेभाऊ स्टेजजवळ येऊन म्हणाला, "तुना बेस कथा शे रे भो?" म्हणजे तुझा बेस आहे कुठे? मी बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, मग व्हॉल्यूमचं. स्पीकरचा कागद फडफडायला लागला आणि रात्री उशिरा त्यातून फक्त सर्र असा आवाज येत राहिला. दुकानदार म्हणाला, ओव्हरलोड वॉरंटीत बसत नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण माझ्यानंतर बेसवर आलेला ओळखीतला एक जण आत्ता तेच करायला निघालाय. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, बेसची ४१ वर. सूर निम्म्यावर आला की तेवढाच मोठा आवाज काढायला स्पीकरच्या कागदाला मागेपुढे चौपट हलावं लागतं. दुप्पट नाही, चौपट. आठ इंची स्पीकरला तेवढं हलायला जागाच नसते. गिटारच्या अँपची तर बऱ्याचदा पाठ उघडी असते, त्यामुळे कागदाच्या मागून निघालेला आवाज पुढच्याला येऊन मिळतो आणि नेमके खालचे सूर खाऊन टाकतो. म्हणून जुन्या गिटार अँपमध्ये बेस लावायचा विचार आत्ताच सोडा.

त्यात आपला कान. खालच्या सुरांना तो मुळातच कमी दाद देतो; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. म्हणजे गायकाच्या आवाजाइतका बेस ऐकू यायला कितीतरी जास्त ताकद लागते. आणि वॅट दुप्पट केले की वाढ होते फक्त ३ डेसिबलची. पंधराचा तीस वॅट घेतला तर समोरच्याला जेमतेम फरक कळेल, तुमच्या खिशाला मात्र चांगलाच कळेल.

मग खोलीत कसा काय छान वाजतो? भिंती आणि कोपरे खालचे सूर उचलून धरतात, हे एक. दुसरं म्हणजे छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ फारसे येतच नाहीत, त्याच्या वरचे स्वर येतात, आणि खालचा सूर आपला मेंदू स्वतःच भरून घेतो. फसवणूक इथेच आहे. घरी तुम्हाला जो बेस ऐकू येतो तो निम्मा तुमच्या डोक्यात वाजत असतो. मैदानात ना भिंत, ना छत, शेजारी बँजो आणि ढोलकी. तिथे डोकंही भरून काढू शकत नाही.

मोठा अँप घ्यायचा म्हटलं तर बजेट दुप्पट होतं आणि तो टेम्पोत चढवायला माणूस लागतो. पण घाबरू नका, मोठा अँप लागतच नाही. ज्या मैदानात साउंडवाल्याने अठरा इंची सब रचून ठेवलेत, तिथे आपण आठ इंची डबा घेऊन का जायचं? त्याच्याच सबमधून वाजवायचं. त्यासाठी हवा डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा नाजूक सिग्नल मिक्सरला झेपेल असा करून देणारी छोटी डबी. तीन-चार हजारांच्या आसपास साधा येतो. बेहरिंजरचा बीडीआय २१ घेतला तर त्यात थोडा टोनही हाताशी राहतो. किमती बदलत असतात, पण पंचवीस हजारांत तो आरामात बसतो.

बेसची पी-३८ पिन (गिटारच्या वायरची असते तीच) थेट मिक्सरच्या लाइनमध्ये घातली तर चालत नाही का? आवाज येतो, पण साध्या, बिनबॅटरीच्या बेसच्या पिकअपला मिक्सरची लाइन जड पडते, वरचा सगळा करकरीतपणा मरतो आणि गोधडीखालून वाजवल्यासारखा बेस निघतो. वर लांब केबल हम, म्हणजे घूं असा आवाज, गोळा करत येते ती वेगळी. डीआय तुमच्या पायाशी राहतो, तिथून कॅनन पिनची (माइकला असते ती) वायर मिक्सरपर्यंत जाते, मग पन्नास फूट असली तरी फरक पडत नाही. बॅटरीवाला अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर थेट लाइनमध्येही निभावतं. फक्त वाजवून झालं की पिन उपसून ठेवा, पिन आत आहे तोवर नऊ व्होल्टची बॅटरी जळत राहते. ऐन हळदीच्या कार्यक्रमात बेस अचानक बारीक झाला, तर नव्वद टक्के कारण हेच.

साउंडवाल्याला पोचल्यापोचल्या तीन गोष्टी सांगा. बेसची लाइन देतोय; त्या चॅनेलचा लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारं बटण, बंद ठेव, कारण माइकच्या सवयीने ते बटण त्याने दाबलेलंच असतं; आणि मी पिन काढायच्या आधी चॅनेल म्यूट कर. नाहीतर जो धड्डाम आवाज येतो त्याने त्याचे सब आणि तुमची मैत्री दोन्ही जातात. साउंडवाल्याशी गोडीत राहा. चांगल्या कंपनीच्या बेसपेक्षा चांगल्या मूडमधला ऑपरेटर जास्त उपयोगाचा, हे माझं ठाम मत आहे.

तो छोटा अँप वाया गेला असं समजू नका. स्पीकर बदलून आता माझ्या कानाजवळ ठेवतो, मला माझं वाजलेलं ऐकायला. ज्यांच्याकडे अँप नाही त्यांनी घ्यायची घाई करू नये, रियाजाला हेडफोनचं छोटं यंत्र पुरतं, आणि हेडफोनमध्ये खालचा सूर खरा ऐकू येतो. पुढे कधी पैसे आलेच तर फेंडरचा रंबल ४० बघा, त्याला मागे कॅननची लाइन आहे, वेगळ्या डीआयची गरज उरत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. लग्नाच्या जनरेटरला अर्थिंग असेलच असं नाही. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की करंट अंगातून जाऊ शकतो, आणि त्यात जीव जातो. हम येतो म्हणून अँपच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकणारे लोक आहेत. तो हम घालवायला डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण दिलेलं असतं, ते वापरा, प्लगला हात लावू नका. कोरस गायचा असेल तर माइकला आधी फोमची टोपी घाला. आणि स्टेजवर पाणी शिंपडलं असेल तर सरळ नाही म्हणा. पार्टी चिडली तर चिडू दे.

सेकंडहँड बेस बघायला जाताना सोबत एक व्हिजिटिंग कार्ड न्या. मी माझा भुसावळला रेल्वे क्वार्टर्समध्ये बघितला. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि भुसावळचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो. डाव्या हाताने 'ई' तार पहिल्या फ्रेटवर दाबली, उजव्या कोपराने शेवटच्या फ्रेटवर, आणि मोकळ्या बोटांनी सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली कार्ड सरकवलं. कार्ड तारेला घासून गेलं तर मान ठीक. दोन-तीन कार्डं बसतील एवढी फट असेल तर मान पुढे वाकलीय, फटच नसेल तर मागे. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या पुढे असतो, इलेक्ट्रिक गिटारच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे थोडं वाकणं हा दोष नाही. मानेच्या आतला लोखंडी दांडा, ट्रसरॉड, त्यासाठीच असतो. बघायचं ते हे, की ट्रसरॉडचा नट फिरतो का. आधी कुणी चुकीची किल्ली घालून त्याचे कोपरे गोल करून ठेवले असतील तर बेस फुकट मिळाला तरी घेऊ नका. फिरत असेल तर एका वेळी पाव आटा, मग तासाभराने पुन्हा बघायचं. व्हॉल्यूम खरखरतो, पिनचं सॉकेट हलतं, असली दुखणी किरकोळ आहेत, मोबाइल दुरुस्तीवाला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि एक टाका घालून देतो. भाव पाडायला मात्र ती फार उपयोगी.

घरी आणल्यावर पत्र्याखाली आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. तारा लगेच बदलायची गरज नाही. गिटारच्या तीन-चार सेटच्या पैशात बेसचा एक सेट येतो. मळलेल्या तारा काढून पाण्यात उकळून, कोरड्या करून परत लावल्या तर काही आठवडे चांगल्या वाजतात. मोबाइलच्या ट्यूनरला खालची 'ई' पकडता येत नसेल तर बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक वाजवा, ते पकडतं.

शिकण्याबद्दल एवढंच. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणं, शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ बघा, करमणूक म्हणून. खानदेशातल्या कुठल्याही मंडपात त्याची फर्माइश येत नाही. तुमचा गुरू स्टेजवरच आहे, तो म्हणजे कीबोर्डवाला. त्याच्या डाव्या हाताने वर्षानुवर्षं ही गाणी पेलली आहेत. त्याच्याजवळ बसून विचारा, "दादा, या अंतऱ्याला खाली काय धरता?" नंतर त्यालाच हात जोडून सांगावं लागतं की तो डावा हात आता उचला. हे अवघड आहे. दोघांनी खाली वाजवलं की नुसता चिखल होतो आणि नाव नव्या माणसाचं येतं. मी आधी दोनच गाण्यांपुरतं मागितलं, मग हळूहळू वाढवलं.

आणि पैसे उभे करायला गिटार विकू नका, निदान एक लग्नसराई जाऊ द्या. ऐनवेळी लीडवाला आला नाही तर तीच गिटार कार्यक्रम वाचवते. पैसे कमी पडत असतील तर डीआय आणि केबल बँडच्या सुपारीतून घ्या, ते सामान सगळ्यांचं आहे. बेस तेवढा स्वतःच्या पैशाने घ्या, म्हणजे उद्या बँड सोडलात तर तो कुणाचा यावरून भांडण होणार नाही.