कोंबडीखाद्यातली बुरशी आणि जिवाणू: या चुका टाळा

परतीच्या पावसात भिजलेल्या मक्याची किंमत पोल्ट्रीवाल्याला हिवाळ्यात मोजावी लागते. मरतूक फार नसते. पक्षी लहानमोठे दिसतात, वजन धरत नाहीत, लस देऊनही रोग येतो आणि औषधांचा खर्च वाढत जातो. अशा वेळी आधी फीडच्या पोत्यात हात घाला.

“बुरशी दिसत नाही, म्हणजे माल चांगला”

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. बुरशी हा जीव आहे. अफ्लाटॉक्सिन हे तिनं दाण्यात सोडलेलं विष. जीव मरतो, विष राहतं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं मेली, तेव्हा कारण कुणालाच कळेना. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत हे विष सापडलं. भारतीय मानकानुसार कोंबडीखाद्यात त्याची मर्यादा टनाला २० मिलिग्रॅम आहे. एवढंसं विष डोळ्यांना दिसणार नाही आणि नाकालाही कळणार नाही.

म्हणूनच बुरसलेला मका उन्हात घालून वापरणं धोक्याचं आहे. वाळवल्यानं बुरशीची वाढ थांबते, तयार झालेलं विष भरवशानं जात नाही. प्रोपिओनिक अ‍ॅसिडचंही तसंच: ते चांगल्या मालाला बुरशीपासून वाचवतं, बिघडलेला माल सुधारत नाही. फीडच्या गोळ्या (पेलेट) बनवणाऱ्या मशिनच्या वाफेलाही अफ्लाटॉक्सिन जुमानत नाही. चाळणीचा मात्र खरा उपयोग होतो, कारण तुटक्या दाण्यांत आणि भुग्यात विष जास्त असतं. तो भुगा परत फीडमध्ये टाकू नका, एवढीच कळकळीची विनंती.

बाइंडरवर सगळी भिस्त

बाइंडर म्हणजे विष धरून ठेवायला फीडमध्ये मिसळतात तो पदार्थ. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला चांगली धरून ठेवते. टी-२ आणि ऑक्राटॉक्सिन या बुरशीच्याच दुसऱ्या विषांवर तिचा फारसा जोर चालत नाही. त्यामुळे डोस वाढवण्याआधी पक्षी बघा. लिव्हर पिवळट, फिकं आणि मोठं असेल, तर संशय अफ्लाटॉक्सिनचा. चोचीच्या कडेला, तोंडात पिवळट खपल्या असतील, तर टी-२ चा. पक्षी पाणी जास्त पितात, लिटर (शेडमधलं अंथरूण) ओलं राहतं आणि मूत्रपिंडं सुजून फिकी पडली आहेत, तर ऑक्राटॉक्सिनचा. खात्री मात्र तपासणीनंतरच.

खरेदी करताना ओलावा न बघणं

मका साठवायचा तर ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर नको. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत थोडा मका आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ घालून जोरात हलवा. थोड्या वेळानं मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. गाडी परत पाठवा. मीठ चिकटलं नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका, १३ आणि १५ मधला फरक या परीक्षेत कळत नाही. मीटर घेणं परवडतंच.

नमुनाही एका पोत्यातून मूठभर घेऊन भागत नाही. विष मालात सारखं पसरलेलं नसतं. दहा पोती स्वच्छ आणि अकरावं विषानं भरलेलं, असं होतं. गाडीच्या वेगवेगळ्या भागांतल्या पोत्यांतून थोडा थोडा मका काढा, एकत्र दळा आणि त्यातला नमुना तपासा.

साठवणीचं थोडक्यात: थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, जुना माल आधी, दुसऱ्या फार्मवरून आलेली रिकामी पोती नकोत. फीडरच्या कोपऱ्यातलं चिकटून आंबलेलं फीड खरवडून काढा, नवं फीड त्याच्यावर ओतू नका.

साल्मोनेलाला बुरशीच्याच मापानं मोजणं

इथं गणित उलटं. साल्मोनेला हा जिवाणू उष्णतेनं मरतो, नीट वाफवलेल्या पेलेटमध्ये तो सहसा उरत नाही. पण थंड होताना, गोदामात किंवा शेडमध्ये उंदीर-चिमण्यांच्या विष्ठेतून तो परत शिरतो. मासळीची भुकटी आणि हाडांची पूड घेताना जास्त जपा. हिरवट-पिवळी हगवण, अचानक मरतूक आणि तांबूस-हिरवट झळाळीचं लिव्हर दिसलं, तर पशुवैद्यकाला लगेच बोलवा. मनानं अँटिबायोटिक सुरू करू नका. त्यानं विष जात नाही, तपासणीत जिवाणू मात्र लपतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर २०१९ पासून आपल्याकडे पशुपालनात बंदी आहे.

संशय आला की ते फीड त्याच दिवशी बंद करा, पण फेकू नका. प्रत्येक लॉटचा किलोभर नमुना तारीख लिहून पक्ष्यांची बॅच विकेपर्यंत थंड, कोरड्या जागी ठेवला असेल, तर तो आणि ताजे मेलेले पक्षी तपासणीला द्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. मक्याचा नमुना ओलसर असेल तर कागदी पिशवीत द्या. प्लास्टिकमध्ये तो वाटेतच बुरसतो आणि अहवालात गोदामातल्यापेक्षा जास्त विष दिसतं.